खडूची केबिन

१

पापडीच्या हिलरी लोपीसला एक खोड होती. मोजल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास बसायचा नाही. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून चौतीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! बाजारातून आणलेला सरंगासुद्धा हा माणूस आधी पट्टीने मोजतो आणि मग तव्यावर टाकू देतो, असं त्याची बायको रोझमेरी सगळीकडे सांगायची. त्यात थोडं तिखटमीठ होतं, पण फार नाही.

त्यामुळे लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलाने, म्हणजे ऑकलंडच्या ग्लेनने, दोघांसाठी युरोपातल्या नदीवरची बोट बुक केली, तेव्हा हिलरीने पहिला प्रश्न काय विचारावा?

"केबिन किती बाय किती?"

"पप्पा, आठ दिवस डॅन्यूब नदी, जर्मनी ते हंगेरी, आणि तुम्ही केबिनचं काय विचारता!" ग्लेन फोनवर हसला. पण बापाला ओळखून होता, दुसऱ्या दिवशी त्याने नकाशा पाठवला. दहा फूट बाय सतरा.

"एवढ्याशा जागेत दोन माणसं, दोन बॅगा आणि वर तुझी आई," हिलरी म्हणाला.

"मी दोन माणसांत धरलेली नाही का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

हौस खरी रोझमेरीची होती. एकतीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला. ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम, काळ्या समुद्रात मुख, काठावरच्या चार राजधान्या, हे तिने किती पोरांकडून पाठ करून घेतलं त्याची गणती नाही. शाळेचे एक फादर कधीकाळी तिकडे जाऊन आले होते. त्यांनी दिलेलं कॅलेंडर स्टाफरूममध्ये वर्ष संपल्यावरही लटकत राहिलं होतं. त्यावर हिरवी नदी, पांढरी बोट आणि डोंगरावर किल्ला होता. ते चित्र बघत तिने किती डबे खाल्ले असतील!

पण दोन वर्षांपूर्वी हिलरीची बायपास झाली आणि तिची हौस बदलली. जायचं तर आता जा, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून ती दुपारी झोपलेल्या नवऱ्याच्या छातीकडे बघत बसायची. नदी राहिली तरी चालेल, माणूस राहायला हवा, असं ती रोज प्रार्थनेत सरळ सांगायची. देवाशी आडपडदा कसला?

२

तयारी जोरात सुरू झाली. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. गरम बनियनी आणल्या, मे महिन्यात पापडीत त्या घालून बघितल्या आणि दोघं घामाने निथळून हसत सुटले. हिलरीला सुक्या बोंबलाचं लोणचं न्यायचं होतं.

"नेऊ या की," रोझमेरी म्हणाली, "पुढच्या बंदरावर आपल्यालाच उतरवून देतील."

मग एका सकाळी तिने बघितलं तर हिलरीने हॉलमधला सोफा भिंतीला लावला होता, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून फरशीवर रेघा मारत होता. तिच्याच कपाटातले खडू. निवृत्त होताना उरलेला खोका तिने घरी आणला होता, टाकून द्यायचं जिवावर आलं होतं.

"हे काय नवीन?"

"केबिन," हिलरी म्हणाला. "ही भिंत. हे न्हाणीघर. इथे दोन पलंग. खिडकी पश्चिमेच्या भिंतीला. आणि हे दार. आता जायच्या दिवसापर्यंत दुपारी इथेच बसायचं. बॅग कुठे, चपला कुठे, सगळं अंगवळणी पडलं पाहिजे. तिकडे जाऊन धडपडायचं नाही."

रोझमेरी हसली. हे त्याने पूर्वीही केलं होतं. शहाऐंशी साली, हे घर बांधायच्या आधी, भात कापून मोकळ्या झालेल्या याच जमिनीवर त्याने चुन्याची फक्की टाकून सगळ्या खोल्या आखल्या होत्या. नवी नवरी होती ती. चुन्याच्या स्वयंपाकघरातून चुन्याच्या ओटीवर ती एका उडीत आली, तर हा केवढ्यांदा ओरडला होता, "अगं, भिंतीतून कुठे चाललीस! दाराने ये!" मग दोघं त्या नसलेल्या घरात संध्याकाळपर्यंत बसले होते. सासूने तांब्यातून चहा आणला तोही दाराने आणला. चाळीस वर्षांत तिला याहून सुंदर दिवस आठवत नव्हता.

म्हणून ती रेघांमधल्या मोकळ्या जागेतून आत गेली आणि वेताच्या खुर्चीत बसली.

"अशी," हिलरी खूश होऊन म्हणाला.

३

तिसऱ्या दुपारी हिलरीचा डोळा लागला होता. पलंगाच्या जागी टाकलेल्या गादीवर तो पसरला होता, आणि रोझमेरी खुर्चीत बसून रुमालांना नावं घालत होती. मध्ये स्टुलावर पाण्याचा ग्लास होता.

ग्लासातलं पाणी हलत होतं.

थरथरत नव्हतं हं. थरथरलं असतं तर बाहेरून ट्रक गेला, असं तिने म्हटलं असतं. हे पाणी सावकाश एका काठाला चढत होतं, थांबत होतं आणि दुसऱ्या काठाकडे जात होतं. झोळीत मूल घालून कोणी झोका द्यावा तसं.

भूगोलाची बाई ती. घाबरायच्या आधी तिने कारण शोधलं. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चाललं आहे, तिथलं मशीन असेल. तिने ग्लास उचलला आणि हात लांब करून रेघेच्या बाहेर फरशीवर ठेवला. पाणी जागच्या जागी उभं राहिलं. परत आत आणला. पाणी पुन्हा चालू लागलं.

तिने तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा पाण्याने तेच केलं. तिने ते पिऊन टाकलं आणि रुमाल हातात घेतला.

हिलरी उठल्यावर तिने सांगितलं नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला!

४

घर झाडायला-पुसायला नायगावहून पिंकी यायची. तोंडाची फटकळ, पण कामाला चोख. चौथ्या दिवशी तिने केबिन सोडून सगळा हॉल पुसला.

"ते का सोडलंस?" रोझमेरीने विचारलं.

"अंकल बोलले ना, रेघा पुसू नको म्हणून."

"रेघा नको. आतली फरशी तर पुसशील?"

पिंकीने बादली खाली ठेवली. "टीचर, खरं सांगू? तिथे मला थंडी वाजते. एसी नाय, काय नाय. आणि फरशी आधीच ओली लागते पायाला. बघायला गेलं तर एकदम सुकी. माझा भेजा नाय चालत. तुम्ही पुसा तिथे."

"वेडी आहेस," रोझमेरी म्हणाली.

पण त्या दुपारी तिने शाल बरोबर नेली आणि तिला ती लागली. बाहेर उन्हाने कावळे चोची उघडून बसले होते, आणि इथे तिच्या दंडांवर काटा आला होता. पायाखालून बारीक घरघर येत होती. घरामागच्या वाडीतला पंप असेल. जमिनीतून आवाज असा लांब जातो, हे तिने स्वतः सातवीला शिकवलेलं होतं. डोक्यावर कोणीतरी चालत गेलं, चार-पाच पावलं, मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. घराला वरचा मजला नव्हता. नारळाची झावळी पडली असेल स्लॅबवर.

"वरच्या डेकवर बायका गप्पा मारतात," हिलरी डोळे मिटून म्हणाला. "ऐकलंस?"

"हिलरी, चेष्टा पुरे."

"चेष्टा कोण करतंय?"

५

मग हिलरी दुपारचा झोपेनासा झाला. जेवण झालं की तो खुर्ची पश्चिमेच्या कोऱ्या भिंतीकडे वळवायचा आणि बसून राहायचा. आधी अर्धा तास, मग दीड, मग पार चहापर्यंत. भिंतीवर उजेड हलायचा. शेजाऱ्यांच्या टाकीतल्या पाण्याचा कवडसा, असं रोझमेरीने स्वतःला समजावलं होतं. हिलरीच्या चेहऱ्यावर मात्र असं काही हसू असायचं, की तिने ते ग्लेनच्या जन्मानंतर बघितलं नव्हतं.

"काय बघतोस एवढं?" एकदा तिने विचारलं.

"किनारा जातोय," तो म्हणाला. "हळूहळू जातोय, छान दिसतो."

"किल्ले आहेत का?" तिने मुद्दाम हसून विचारलं.

"किल्ले कुठले! आपलीच वाडी आहे. बावखल आहे, त्यावर रहाट आहे, रेडा फिरतोय. केळीला पाणी चाललंय. सगळं तसंच आहे गं, रोझी. बुजवलेलं नाही काहीच."

वाडीतलं ते गोड्या पाण्याचं तळं, त्यांचं बावखल, बुजून तीस वर्षं झाली होती. हिलरीने स्वतः उभं राहून त्यात मातीचे डंपर ओतून घेतले होते, आणि त्या रात्री तो जेवला नव्हता.

दोन दिवसांनी तो चहा पिता पिता सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आज किनाऱ्यावर आलोशियस होता."

आलोशियस त्याचा थोरला भाऊ. एकोणऐंशी साली गल्फला गेला आणि तिथेच संपला. शवपेटीसुद्धा घरी आली नाही. सासूने मरेपर्यंत त्याच्यासाठी ताट बाजूला काढलं.

"बोट थांबली होती?" रोझमेरीच्या तोंडून निघून गेलं, आणि आपण असं विचारलंच कसं याचं तिला भय वाटलं.

"नाही. जरा हळू झाली होती. त्याने हात केला. तोच शर्ट होता, निळा." हिलरीचे डोळे भरून आले होते. "बोट थांबली की लोकांना उतरू देतात. फिरून यायचं आणि परत चढायचं. तसं पत्रकातच लिहिलंय."

"ते त्या बोटीचं पत्रक आहे!"

"मग ही कुठली आहे?" हिलरीने शांतपणे विचारलं.

६

औषधाने होतं का असं? तिने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळ्या विचारल्या, झोप विचारली आणि म्हणाले, प्रवासाची उत्सुकता आहे, म्हातारपणी मन मागे जातं, नेऊन आणा. ग्लेनला सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगणार काय? तुझे पप्पा भिंत बघतात?

निघायच्या आदल्या दिवशी हिलरी आंघोळीला गेला, तेव्हा ती एकटी दाराने आत गेली आणि त्याच्या खुर्चीत बसली. बघून घ्यायचं, कोरी भिंत आहे, आणि विषय मिटवायचा.

भिंत कोरीच होती. उजेड हलत होता. घरघर, थंडी, सगळं होतं, पण भिंत भिंतच होती. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि उठायला मान वळवली. तेव्हा डोळ्याच्या कडेला ते सरकलं.

केळीची ओली पानं दिसली. दगडी काठ दिसला. त्यावर वाकून लाल लुगडं पिळणारी पाठमोरी बाई होती, आणि पिळता पिळता ती थांबली. कोणी हाक मारल्यावर माणूस थांबतं, तशी. आता ती वळणार होती. ती पाठ रोझमेरीला ठाऊक होती. त्याच पाठीवर बसून ती लहानपणी वेशीवरच्या क्रूसापर्यंत लिटनीच्या प्रार्थनेला गेली होती.

तिने डोळे घट्ट मिटले आणि चाचपडत बाहेर आली, दाराने. सोफ्यावर बसून ती ढसाढसा रडली. भीती होतीच, पण रडू भीतीचं नव्हतं. आणखी एक क्षण तिथे बसायला मिळालं असतं तर तिने आपण होऊन खिडकी उघडली असती, हे तिला कळलं होतं.

हिलरी टॉवेल खांद्यावर टाकून समोर उभा राहिला.

"माझी शपथ घे," ती म्हणाली. "माझ्याशिवाय कुठेही उतरायचं नाही."

"अगं वेडे..."

"शपथ घे, हिलरी. मला तू हवा आहेस. मला तिकडचं कोणी नको. माझी आईसुद्धा नको!"

हिलरीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण त्याचे डोळे भिंतीकडेच होते.

७

गाडी साडेतीनला यायची होती. बॅगा दारात होत्या, पासपोर्ट तिच्या पर्समध्ये. हिलरी बाराच्या सुमारासच तयार होऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट होता, आणि पायात तिकडच्या दगडी रस्त्यांसाठी घेतलेले नवे बूट. नाड्यासुद्धा त्याने दुहेरी बांधल्या होत्या. बसला होता अर्थात केबिनमध्ये.

"निघायच्या आधी मी हे पुसणार आहे," रोझमेरीने बजावलं. "मागे ठेवून जायचं नाही."

"पूस की. एवढा चहा होऊ दे."

ती शेजारच्या ब्रिटनीकडे किल्ली द्यायला गेली. झाडांना पाणी, मीटरचं बटण, सगळं सांगेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. परत आली तर खुर्ची रिकामी होती. स्टुलावर अर्धा कप चहा, अजून गरम.

"हिलरी?"

पायाखाली घरघर चालू होती. पंप बंद करायला वाडीत गेला असणार, तिने मनाशी म्हटलं. निघताना दहा वेळा नळ तपासणारा माणूस! आणि तिला एकदम हायसं वाटलं. तो बाहेर आहे आणि केबिन रिकामी आहे. हीच वेळ. तिने साडी खोचली, मागच्या दारातली पिंकीची बादली आणली आणि खिडकीपासून सुरुवात केली. खिडकी गेली. पलंग गेले. न्हाणीघर गेलं. इतक्या दिवसांचा राग ती फडक्याने घासत होती. शेवटी दाराच्या दोन रेघा राहिल्या, त्याही पुसल्या.

घरघर थांबली.

मग तिला आठवलं. पंपाचं बटण सकाळीच तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

हॉल नेहमीसारखा उकडत होता. फरशी चकचकीत ओली होती. आणि पश्चिमेच्या भिंतीपलीकडून, जिथे नुसती केळीची वाडी होती तिथून, हिलरी बोलला. घाबरलेला नव्हता, जरा गोंधळलेला होता.

"रोझी, दार कुठे गेलं गं?"

ती धावत मागच्या दाराने वाडीत गेली. तिथे ऊन होतं, केळी होत्या, दुसरं कोणीच नव्हतं. पुन्हा आत आली.

"रोझी? मी आलोय परत. दार कुठे आहे?"

"थांब!" ती ओरडली. "तिथेच थांब, हलू नकोस!"

खडूचा खोका तिने फरशीवर उलटा केला. पण ओल्या फरशीवर खडू उमटतो होय? त्याचा नुसता लगदा होत होता. तिने पर्स फेकली, युरोपासाठी घेतलेला लोकरीचा कोट काढला आणि त्याने फरशी कोरडी केली. दहा फूट, सतरा फूट, पण कुठून कुठे? पट्टी त्याच्या खिशात. दार कोपऱ्यापासून किती हातांवर होतं? अकरा दिवस ती त्यातून आत-बाहेर करत होती, आणि एकदाही तिने नीट बघितलं नव्हतं. मापं तो ठेवायचा, तिला काय गरज होती?

तिने एक दार काढलं. आवाज जवळ आला नाही. तिने शेजारी दुसरं काढलं. मग तिसरं, भिंतीलगत. मग खडू मोडेपर्यंत ती काढतच सुटली, सोफ्यापर्यंत, बॅगांपर्यंत. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"एवढी दारं?" हिलरी म्हणाला. आता तो खूप लांबून बोलत होता, बोट निघून गेल्यावर काठावरचं माणूस बोलतं तसा. "रोझी, यातलं आपलं कुठलं?"

ती गुडघ्यांवर एका दारापासून दुसऱ्या दाराकडे सरकत राहिली.

कोरड्या फरशीवर, तिसऱ्या दाराच्या आत, एक ओलं पाऊल उमटलं. ते अनवाणी होतं. बोटं फाकलेली होती, चिखलात जन्म गेलेल्या बाईची असतात तशी. ते कोणाचं, हे रोझमेरीला बघताक्षणी कळलं, आणि एके काळी त्या पावलासाठी तिने काय वाटेल ते दिलं असतं.

"तू नको," ती हुंदके देत त्या पावलाला म्हणाली. "आई, तू नको. त्याला येऊ दे."

पहिल्याच्या पुढे दुसरं पाऊल उमटलं. मग पाचव्या दारात एक, आणि सातव्या दारात एक, सगळी अनवाणी.